मिनिटाला एकशेवीस शब्द

थोरलीने कामावर परत जावं, या मुद्द्यावर घरात दोन मतं नव्हती. सगळ्यांचा अगदी तोंड भरून पाठिंबा होता. अडचण एवढीच होती की पाठिंबा देऊन झाल्यावर पुढे काय करायचं ते कुणालाच सुचत नव्हतं. म्हणून रविवारी जेवणं आटोपल्याबरोबर वन्संनी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. वन्सं म्हणजे थोरलीची नणंद, एका शाळेच्या मुख्याध्यापिका. चार माणसं एका खोलीत दिसली की त्यांना ती रांगेत बसवावीशी वाटायची.

सभागृहाचं पत्र येऊन नऊ दिवस झाले होते. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं थोरली तिथे प्रतिवेदक होती. सभासद जे बोलतील, ओरडतील, एकमेकांच्या अंगावर धावून जाताना जे काही म्हणतील, ते शब्दन् शब्द लघुलिपीत उतरवून घ्यायचं, हे तिचं काम. मग लेक वर्षाची झाली आणि त्याच महिन्यात सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, अर्धांगाचा झटका आला. थोरलीने दोन वर्षांची रजा घेतली. दोनाची चौदा कशी झाली हे कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं, पण तसं कुणी विचारलंही नव्हतं.

मधल्या काळात सभागृहात बोललेलं आपोआप लिहून काढणारं मशीन आलं. एक माणूस बोलत असेपर्यंत ते शहाण्यासारखं वागायचं आणि चौघे एकदम बोलू लागले की याचं वाक्य त्याच्या तोंडी घालून मोकळं व्हायचं. गेल्या अधिवेशनात त्यावरून एवढं रामायण झालं की जुन्या प्रतिवेदकांना शोधून शोधून पत्रं गेली. सोमवारी सकाळी दहाला परीक्षा, मिनिटाला एकशेवीस शब्द, पाच मिनिटं. संधी एकदाच.

आणि थोरलीचा हात शंभरावर अडकला होता. नऊ दिवस ती बातम्या ऐकून लिहीत होती, लेक फोनवर सेकंद मोजत वर्तमानपत्र वाचून दाखवत होती, पण शंभराच्या पुढे गेलं की रेघा लटपटायच्या. उद्या सोमवार. म्हणून तिने आज खिडकीजवळची खुर्ची पकडली, मांडीवर वही घेतली, चार पेन्सिली टोक करून ओळीत मांडल्या आणि म्हणाली, "तुम्ही बोला. माझ्याकडे लक्ष देऊ नका. मी नुसता सराव करते."

लक्ष न देणं सगळ्यांना सहज जमलं.

"प्रश्न तीन," वन्संनी सुरुवात केली. "अप्पांचं दुपारचं जेवण आणि औषध. अप्पांचा चार वाजताचा व्यायाम. आणि रात्रीचा स्वयंपाक. एकेकाने बोला. मध्ये बोलायचं नाही."

"बोलू द्या, ताई," थोरली खिडकीजवळून म्हणाली. "परीक्षेत मध्ये बोलणाऱ्यांचेच तर मार्क असतात."

वन्संचा वेग एकशेचाळीस. विषय शिस्तीचा असेल तर दीडशे. थोरलीला चौदा वर्षं या घरातल्या माणसांचे वेग पाठ होते; काहींना माणसांचे वाढदिवस पाठ असतात, हिला हे. नवऱ्याचं औषधांचं दुकान, त्यामुळे तो सगळं 'जेवणाआधी एक, जेवणानंतर एक' अशा चालीत बोलायचा, फार तर नव्वद. धाकटा दीर लिफ्ट दुरुस्त करायचा. तो भराभर बोलायचा आणि वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायचा. सासूबाई कमी बोलायच्या, पण त्यांचं एक वाक्य पचायला मिनिटभर लागायचं. आणि अप्पा, जे एके काळी बाजारातले वजनकाटे तपासत फिरायचे आणि ज्यांच्या आवाजाने दुकानदार उभे राहायचे, ते आता मिनिटाला पंधरा. त्यांचा शब्द उशिरा यायचा. तोवर कुणीतरी दयाळूपणे त्यांचं वाक्य पुरं करून टाकायचं, आणि बहुतेक वेळा चुकीचं.

"दुपारचं माझ्याकडे," थोरला म्हणाला. "दीड वाजता दुकान बंद करीन, घरी येईन, अप्पांना वाढीन, औषध देईन, अडीचला परत जाईन."

"रोज?" सासूबाईंनी विचारलं.

"रोज म्हणजे रोज!"

भाऊ एवढा पुढे गेल्यावर धाकट्याला मागे राहणं शोभलं नसतं. "मग रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे. वहिनी, तुम्ही सातला यायचं, हात धुवायचे आणि थेट पानावर बसायचं." धाकट्याचं लग्न झालं नव्हतं. तो वरच्या मजल्यावर राहायचा आणि जेवायला खाली यायचा. पाणी प्यायला सोडून तो स्वयंपाकघरात गेल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना भरून आलं.

"व्यायामाचं मी बघते," वन्सं म्हणाल्या. "सोमवार, बुधवार, शुक्रवार. शाळा साडेतीनला सुटते, चारच्या ठोक्याला मी इथे."

"मंगळवार-गुरुवार मी," लेक म्हणाली.

पंधरा मिनिटांत तिन्ही प्रश्न निकालात निघाले. थोरलीची पेन्सिल नुसती पळत होती. मग चहाची वेळ झाली आणि सवयीने सगळे डोळे खिडकीकडे वळले. खिडकी लिहीत होती. थोडा वेळ कुणीच हललं नाही. शेवटी लेक उठली आणि आत जाऊन तिने "साखर कुठल्या डब्यात?" असं विचारलं. त्यावर पाच वेगवेगळी उत्तरं आली आणि थोरलीने ती पाचही टिपली.

चहा पोटात गेल्यावर माणसं भानावर आली.

"एक आहे," थोरला कप ठेवत म्हणाला. "दीडच्या सुमाराला दवाखाने सुटतात. लोक चिठ्ठ्या घेऊन तेव्हाच येतात. रोज शटर ओढणं बरं दिसणार नाही. म्हणजे जमेल तेव्हा मी येईनच."

"तू रोज म्हणालास," वन्सं म्हणाल्या.

"जमेल तेव्हा म्हणालो."

"दादाचं बरोबर आहे," धाकटा घाईघाईने म्हणाला, कारण त्यालाही ती पळवाट हवी होती. "आता स्वयंपाकाचंच बघ. मी बघतो म्हणालो, म्हणजे मी उभा राहून भाज्या चिरीन असं... बाहेरून आणता येतंच की. आणि लिफ्ट काय वेळ बघून बंद पडते?"

"म्हणजे दोघेही पसार!"

"तू तरी सोमवार-बुधवार-शुक्रवार येणारेस का?" थोरल्याने विचारलं.

"शाळा साडेतीनला सुटते ती पोरांची. माझी नाही. मी एखादा वार म्हणाले होते."

"तीन वार!"

"एखादा!"

झालं. इतका वेळ एकमेकांच्या मोठेपणाला माना डोलावणारी भावंडं हमरीतुमरीवर आली. दोघे भाऊ एका बाजूला झाले. वन्संनी आईकडे मदतीसाठी पाहिलं, पण सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मग वन्सं भाचीकडे वळल्या आणि रिकाम्या कागदावर वेळापत्रक आखायला तिला बसवून मोठ्याने वार सांगू लागल्या. लेक त्यांना आपल्या क्लासच्या वेळा सांगू लागली. थोरला धाकट्याच्या कानाशी लागला. अप्पांचे ओठ हलू लागले होते. चार माणसं एकदम बोलत होती. थोरलीच्या पेन्सिलीचं टोक मोडलं, तिने न बघता दुसरी उचलली, आणि अचानक तिला कळलं की हात लटपटत नाहीये. शंभर कधीच मागे पडलं होतं. हे एकशेतीस होतं, कदाचित जास्तच. तिला हसू फुटणार होतं. फक्त मध्ये कुठेतरी पेन्सिल किंचित अडखळली आणि पुन्हा चालू लागली.

"अगं, तूच सांग," थोरला वैतागून तिच्याकडे वळला. "मी रोज म्हणालो होतो का?"

त्याला हवं होतं नेहमीचं उत्तर: 'जाऊ दे हो, तुमचा अर्थ तसा नव्हता.' पण थोरलीचं डोकं अजून वहीत होतं. तिने भराभर पानं मागे उलटली आणि सभागृहातल्या सपाट, कुणाचाच नसलेल्या आवाजात वाचलं:

"'दुपारचं माझ्याकडे. दीड वाजता दुकान बंद करीन, घरी येईन, अप्पांना वाढीन, औषध देईन, अडीचला परत जाईन.' प्रश्न: 'रोज?' उत्तर: 'रोज म्हणजे रोज.'"

धाकटा खो खो हसला.

"'मग रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे,'" थोरली पुढे वाचू लागली. धाकट्याचं हसू तिथल्या तिथे विरलं. "'वहिनी, तुम्ही सातला यायचं, हात धुवायचे आणि थेट पानावर बसायचं.'"

"वहिनी, हे तुम्ही..."

"'सोमवार, बुधवार, शुक्रवार. शाळा साडेतीनला सुटते, चारच्या ठोक्याला मी इथे.' कंसात, समाधानाचे उद्गार."

"उद्गार कुणी काढले?" वन्संनी विचारलं.

"तुम्हीच, ताई."

आता मात्र तिन्ही भावंडांची क्षणात दिलजमाई झाली. वहीविरुद्ध. घरातलं बोलणं असं लिहून ठेवायचं असतं का, असं वन्सं म्हणाल्या. माणूस घरात मोकळेपणाने चार गोष्टी बोलतो, असं थोरला म्हणाला. हे म्हणजे पोलिसांत जबाब दिल्यासारखं झालं, असं धाकटा म्हणाला. थोरलीने तेही लिहून घेतलं.

"आई, अजून काय आहे?" लेकीने विचारलं. तिला कधी नव्हे ती मजा येत होती.

थोरलीने पान उलटलं. पुढचा उतारा तिने आधी स्वतःशी वाचला आणि मग मोठ्याने. या वेळी आवाज सपाट ठेवणं तिला जड गेलं.

"अप्पा: 'मला जेवण वाढायला कुणी नको. ताट झाकून ठेवा. मी उठून घेतो. गेले सहा महिने पाणी मीच घेतो. मला कुणी विचारत का नाही?'"

सगळे अप्पांकडे बघू लागले. अप्पांनी बरा हात खुर्चीच्या हातावर दोनदा आपटला. हो. असंच.

"हे कधी म्हणालात तुम्ही?" वन्संचा आवाज एकदम खाली आला होता.

"तुम्ही वार सांगत होतात तेव्हा," थोरली म्हणाली. "बराच वेळ म्हणत होते. तुमच्या दोन वारांच्या मध्ये एकेक शब्द."

अप्पांचे डोळे भरले होते आणि ते हसतही होते. चौदा वर्षांत त्यांचं अख्खं वाक्य पहिल्यांदाच कुणाच्या तोंडून त्यांना परत ऐकू आलं होतं. थोरलीला चांगलं वाटलं, अगदी मनापासून अभिमान वाटला. हात परत आला होता. उद्याची भीती उरली नव्हती.

"एक राहिलं," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी डोळे उघडले नव्हते. सासूबाईंनी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केली होती. चार लाइनी कानाला लावून पाचव्या माणसाशी बोलायची त्यांची हातोटी निवृत्त झाल्यावरही गेली नव्हती, आणि या घरात कुजबुजण्यात अर्थ नसतो हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त घाईत विसर पडायचा.

"काय राहिलं?" थोरलीने विचारलं. पण तिला माहीत होतं.

"यांच्या 'ताट झाकून ठेवा'च्या जरा आधी. तो याच्या कानात काहीतरी बोलला. ते वाचलं नाहीस."

धाकट्याने एकदम छताकडे पाहिलं.

"ते सुटलं असेल," थोरली म्हणाली. "सगळे एकदम बोलत होते. वेग..."

"वेगाचं सांगू नकोस. खोलीच्या त्या टोकाचं यांचं पुटपुटणं तू टिपलंस, आणि हातभर अंतरावर बसलेल्या नवऱ्याचं सुटलं?"

थोरलीने वहीत पाहिलं. लेकीच्या क्लासच्या वेळा, आणि लगेच अप्पांचा पहिला शब्द. मध्ये काही नव्हतं. बोट जाईल एवढी जागासुद्धा नव्हती. तिने ते गाळायचं असं ठरवलं नव्हतं. हातानेच परस्पर गाळलं होतं.

आणि हाताला तरी दोष कसा द्यायचा? चौदा वर्षं त्याने दुसरं केलं काय होतं! सासूबाई म्हणायच्या, "तुझ्या नणंदेला सांग, इथे शाळा भरवू नकोस म्हणावं." थोरली वन्संना सांगायची, "आई म्हणत होत्या, तुम्ही फार दमता." धाकटा जे बोलायचा ते थोरल्याच्या कानावर जाईपर्यंत गुळमुळीत झालेलं असायचं. लोक एकाचं दुसऱ्याला मीठमिरची लावून सांगतात, ही मीठमिरची काढून सांगायची. घर सुरळीत चाललं ते त्याच्यावरच, आणि तिला त्याचा थोडा गर्वही होता. फक्त ती जिथे उद्या परत जाणार होती तिथे या कामाला फार वाईट नाव होतं. वगळणं. शब्द चुकला तर एक मार्क जायचा, वाक्य वगळलं तर पाच. पहिल्याच आठवड्यात मुख्य प्रतिवेदकांनी सांगितलं होतं, एखादा शिवी देईल, तीही लिहायची. नोंदीतून काय काढायचं ते अध्यक्ष ठरवतील. तुम्ही नाही.

खरा अडसर शंभराचा नव्हताच कधी. नापास व्हायची पाळी आली असती ती यामुळे. उद्या त्या उताऱ्यात कुणीतरी कुणालातरी लागेल असं बोललं असतं आणि तिच्या हाताने सवयीने पांघरूण घातलं असतं.

"काय म्हणाला होता तो?" वन्संनी विचारलं.

"काही नाही गं," थोरला म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "असंच काहीतरी."

थोरलीने नवी पेन्सिल घेतली. अप्पांच्या वाक्याच्या वर, समासात, तिने बारीक रेघांत ते लिहिलं. लिहायला सहा सेकंद लागले. मग तिने मान वर केली आणि वाचलं. नवऱ्याकडे न बघता, पानाकडे बघत.

"'होऊन जाऊ दे तिची परीक्षा. पास थोडीच होणारे! म्हणजे विषय आपोआप मिटेल.'"

लेकीने बापाकडे बघितलं, आणि ते बघणं त्याला आईच्या वाचण्यापेक्षा जास्त लागलं.

"मी गमतीत..." त्याने सुरुवात केली. मग थांबला. थोरलीची पेन्सिल कागदावर टेकलेली होती, वाट बघत. असं कुणी आपण बोलायची वाट बघत असलं की खोटं बोलणं अवघड जातं. "नाही. गमतीत नाही. तू घरी नसलीस की काय होईल, ते मला डोळ्यांसमोर आणता येत नाही. दुकानातून आलो की दार तू उघडतेस. म्हणून वाटलं, नापास झालीस तर बरं. वाटलं खरं तसं. लाज वाटते मला. लिही. तेही लिही."

तिने लिहिलं. हात थांबला नाही, पण डोळे भरून आले आणि दोन रेघा पुसट दिसू लागल्या. तिला राग आला होता आणि त्याची कीवही आली होती, आणि त्यातलं काहीच गाळायची तिला गरज वाटली नाही.

"दादा, गेलं आता नोंदीत," धाकटा हळूच म्हणाला. "आई, तू अध्यक्ष. काढून टाकायचं का?"

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे उघडले. "दुपारी यांचं ताट झाकून ठेवायचं. औषधाला तू यायचंस. रोज. रात्रीचं शिकायचं असेल तर तू उद्यापासून माझ्याजवळ उभा राहा, मी सांगते तसं करायचं. आणि तुझे तीन वार." प्रत्येक 'तू'ला त्यांनी एकेका अपत्याकडे पाहिलं होतं. मग त्या सुनेकडे वळल्या. "आणि तुझं काय?"

"माझं काय?"

"एवढी वही भरलीस. त्यात तू कुठे आहेस?"

थोरलीने पानं चाळली. प्रत्येकासाठी तिने एकेक खूण केली होती: वन्संना आडवी रेघ, नवऱ्याला टिंब, धाकट्याला आकडी. स्वतःसाठी खूण नव्हती. दोन तास तिच्याच कामावरून भांडण चाललं होतं आणि जायचं की नाही याबद्दल तिचा एक शब्द वहीत नव्हता. पत्र आल्यापासून ती काय म्हणत होती तेही तिला आठवलं: बघू. जमलं तर. तुमची गैरसोय होणार नसेल तर. सगळं अगदी मीठमिरची काढलेलं.

"मला जायचंय," ती म्हणाली.

"अगं, ते आम्हाला माहीत..."

"नाही ताई, थांबा. घर सांभाळून नाही, सगळ्यांचं जमत असेल तर नाही. मला जायचंय. मला ते काम आवडतं. मला या चौदा वर्षांत रोज त्याची आठवण आली, आणि मी कुणाला सांगितलं नाही. उद्या पास झाले तर जाणार. नापास झाले तर दुसरीकडे शोधणार."

अप्पांचे ओठ हलू लागले. वन्संनी मदतीला तोंड उघडलं, आणि मिटलं. धाकट्याने कप खाली ठेवला. कुणी पुढचा शब्द सुचवला नाही, कुणी मान डोलावून घाई केली नाही. सगळे थांबले, आणि शब्दाने यायला हवा तेवढा वेळ घेतला.

"जा," अप्पा म्हणाले. मग पुष्कळ वेळाने, "आणि... काही... वगळू नकोस."

थोरलीने पानावर एक नवी खूण केली, स्वतःची, आणि तिच्यापुढे आपलं वाक्य लिहिलं. त्याखाली अप्पांचं.